ग्रीक अ‍ॅम्फोरावरच्या रंगीत खुणा कशा वाचायच्या: नवशिक्यांसाठी

ग्रीक अ‍ॅम्फोराच्या खांद्यावर तांबड्या रंगाचे दोन-तीन फटकारे दिसले की नवख्या माणसाचा पहिला प्रश्न असतो, “काय लिहिलंय?” साहजिक आहे, पण या प्रश्नाचा नंबर जरा उशिरा लागतो. त्याआधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: खूण भांडं भाजण्याआधीची की नंतरची, आणि ती कोणी बघावी म्हणून केली होती. एवढं ठरलं की बऱ्याचशा खुणा न वाचताच कळतात. उरलेल्यांतल्या अनेक आजवर कोणालाच उलगडलेल्या नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर हिरमोड नको.

अ‍ॅम्फोरा म्हणजे दोन कानांचा, अरुंद मानेचा मातीचा कुंभ. मालवाहतुकीचा अ‍ॅम्फोरा खाली निमुळता होत टोकाशी किंवा छोट्या बोंडाशी संपतो. सपाट जमिनीवर तो उभा राहत नाही, पण जहाजाच्या तळात रांगेने घट्ट बसतो, आणि ओतताना ते टोक हातात धरायला तिसऱ्या कानासारखं उपयोगी पडतं. त्यात मुख्यतः वाइन आणि ऑलिव्हचं तेल जायचं. शिवाय खारवलेले मासे, मध, डांबरही. चित्रं काढलेले, बैठकीतले देखणे अ‍ॅम्फोरा वेगळे. खुणा दोन्हींवर असतात, जागा मात्र निराळ्या. मालाच्या कुंभावर मान, खांदा आणि कान बघायचे. चित्रांच्या भांड्यावर थेट बुडाखाली.

पहिली पायरी: धुवू नका

भाजून झालेल्या भांड्यावर गेरूने किंवा काजळीच्या शाईने केलेली खूण पृष्ठभागावर नुसती बसलेली असते. ती मातीत मुरलेली नसते. उत्खननात खापरं पाण्याच्या घमेल्यात टाकून ब्रशने घासली जातात, तेव्हा अशा खुणा मुकाट्याने वाहून जातात. म्हणून मान आणि खांद्याची खापरं आधी बाजूला काढायची, कोरडी असतानाच भिंगाखाली फिरवायची. नुसती माती चिकटलेली असेल तर मऊ ब्रशने झटकावी. पाण्याचा हलका शिडकावा दिला की फिकट तांबडा रंग क्षणभर उठून दिसतो. तेवढ्यात फोटो काढून घ्यावा. चुन्याचा पापुद्रा काढायला आम्ल वापरण्याचा मोह होतो, तो टाळावा. कित्येकदा खूण त्या पापुद्र्यामुळेच वाचलेली असते, आणि काढायचाच असेल तर ते काम संवर्धकाचं आहे.

रंगीत खुणेसाठी उजेड सगळीकडून सारखा, मऊ हवा. ओरखड्यासाठी उलट: दिवा अगदी आडवा, म्हणजे खाचेत सावली पडते. दोन्ही प्रकारे फोटो घ्यावेत, कारण एकाच तुकड्यावर रंगही असतो आणि ओरखडाही. पुढे संगणकावर डीस्ट्रेच नावाची सोय आहे. जॉन हार्मन यांनी ती गुहाचित्रांसाठी बनवली, पण अ‍ॅम्फोरावरच्या पुसट गेरूलाही ती छान लागू पडते. डोळ्याला न दिसणारा तांबडा रंग ती ठळक करते. काजळीच्या शाईसाठी इन्फ्रारेड फोटो अधिक कामाचा. मात्र डीस्ट्रेचला लोहाचा डाग आणि लोहाचा रंग यांत फरक कळत नाही. झाडाच्या मुळांनी सोडलेल्या रेघांतून लोकांनी अक्षरं वाचल्याची उदाहरणं कमी नाहीत. मूळ फोटोत ज्याचा मागमूसही नाही, ते अक्षर नोंदवहीत संशयितच राहिलं पाहिजे.

दुसरी पायरी: भट्टीच्या आधी की नंतर?

या पायरीवर घाई करू नका, सगळं गाडं इथेच अडतं.

भाजण्याआधी रंगवलेली खूण कुंभाराच्याच द्रावणाने केलेली असते, म्हणजे बारीक गाळलेल्या लोहयुक्त मातीने. भट्टीत ती भांड्याशी एकजीव होते. आच कशी मिळाली त्याप्रमाणे काळी, तपकिरी किंवा विटकरी होते. भिंगातून पाहिलं तर हलकी चकाकी दिसते आणि रंग पृष्ठभागाच्या बारीक छिद्रांत उतरलेला असतो. भाजल्यानंतरची खूण चकाकत नाही, भुकटीसारखी दिसते, आणि भांड्यावर एखादी जुनी चीर किंवा टवका असेल तर रंग त्याच्या आत उतरलेला सापडतो. हा पुरावा पक्का समजावा: टवका आधी, रंग नंतर.

कोरलेल्या खुणांनाही हाच न्याय. ओल्या मातीत काडीने ओढलेल्या रेघेच्या दोन्ही कडांना मातीचा बारीक बांध उठतो. भाजलेल्या भांड्यावर टोचणीने ओढलेली रेघ खरखरीत असते, कडा तुटक्या असतात, आणि खाचेतला रंग बाहेरच्यापेक्षा फिकट असतो. तिसरा प्रकार ठशांचा, म्हणजे कानावर ओल्या मातीत दाबलेल्या शिक्क्यांचा. ऱ्होड्स बेटाच्या कुंभांवर एका कानावर त्या वर्षीच्या पुजाऱ्याचं नाव आणि बहुधा महिना, तर दुसऱ्या कानावर उत्पादकाचं नाव असतं. व्हर्जिनिया ग्रेस यांनी अथेन्समध्ये जवळजवळ आयुष्यभर याच कानांचा अभ्यास केला. तो स्वतंत्र विषय आहे. इथे फक्त रंगीत खुणांशी गल्लत होऊ नये म्हणून उल्लेख.

अडचण अशी की अभ्यासक रंगाने केलेल्या दोन्ही खुणांना ‘दिपिंतो’च म्हणतात, भट्टीआधीच्या असोत वा नंतरच्या. त्यामुळे अहवाल वाचताना नुसत्या ‘दिपिंतो’वर थांबू नका, कंसात तंत्र दिलंय का ते बघा. नसेल तर फोटो शोधा.

तिसरी पायरी: भाजण्याआधीची असेल, तर बोलतोय तो कारखाना

ही खूण कुंभाराच्या अंगणात झाली. त्या वेळी आत काय भरणार, कोण विकत घेणार, हे बहुधा ठरलेलंही नसतं. तेव्हा गिऱ्हाइकाचं नाव किंवा मालाची किंमत इथे शोधू नये. इथे सापडतं ते मूळ गाव, परंपरा, फार तर एखाद्या कुंभाराची हातोटी.

खिओस बेटाचं उदाहरण सुरुवातीला उत्तम. इ.स.पू. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि सहाव्यात तिथले वाइनचे कुंभ साईच्या रंगाच्या लेपाने झाकलेले असत आणि त्यावर तपकिरी-तांबडे पट्टे ओढलेले. खांद्यावर आडवी पडलेली, वळणदार एक मोठी रेघ असे, निजलेल्या इंग्रजी ‘एस’सारखी. ती अक्षर नाही. पुढे लेप गेला, मान फुगीर झाली, काहींच्या मानेवर छोटंसं रंगीत वर्तुळ आलं. बंदरावर उभ्या असलेल्या माणसाला वाचता येत असो वा नसो, तो कुंभ खिओसचा हे लांबूनच कळे. आपल्या बाजार समितीत गोणीवरचा मार्का बघून हमाल ती बरोबर त्याच गाळ्यात नेऊन टाकतो, तसंच हे. खिओसला स्वतःच्या कुंभाचा एवढा अभिमान की तिथल्या नाण्यांवर स्फिंक्सच्या समोर तोच कुंभ कोरलेला दिसतो. आशिया मायनरच्या किनाऱ्यावरच्या क्लाझोमेनाई शहराचे कुंभही पट्ट्यांचे असतात, पण रुंद पट्ट्यांचे. सुरुवातीला दोन्हींत गोंधळ उडतो आणि मग मातीचा पोत, बुडाचा आकार बघावा लागतो.

दुसरं नाव तुमच्या कानावर लगेच येईल: ‘एसओएस’ अ‍ॅम्फोरा. संकटसंदेशाशी याचा काडीचाही संबंध नाही. मानेवर नागमोडी रेघ, मध्ये वर्तुळ, पुन्हा नागमोडी रेघ, अशी नक्षी असते म्हणून आधुनिक अभ्यासकांनी दिलेलं हे टोपणनाव. इ.स.पू. आठव्या शतकाच्या अखेरीपासून सहाव्याच्या सुरुवातीपर्यंत अथेन्सच्या परिसरात, आणि युबिआ बेटावरही, हे कुंभ घडत. ते बहुधा तेलाचे. स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यापर्यंत सापडतात, आणि त्यांच्या नकलाही झाल्या. माझ्या मते नक्कल हाच खरा दाखला: ज्या खुणेला बाजारात किंमत नाही तिची नक्कल कोण कशाला करील?

आणि एक कुंभ असा, ज्यावर भाजण्याआधीच सरळ वाक्य लिहिलेलं असतं. अथेन्सच्या पॅनाथेनिक क्रीडोत्सवात विजेत्याला पवित्र ऑलिव्हचं तेल बक्षीस मिळे. त्या अ‍ॅम्फोरावर एका बाजूला अथीना देवी, दुसऱ्या बाजूला स्पर्धेचं चित्र, आणि देवीशेजारी उभ्या ओळीत ‘अथेन्सच्या बक्षिसांपैकी’ अशा अर्थाची अक्षरं. इ.स.पू. चौथ्या शतकात त्यावर त्या वर्षीच्या आर्खोनचं, म्हणजे मुख्य अधिकाऱ्याचं, नावही येऊ लागलं. आर्खोनांची यादी आपल्याकडे असल्याने अशा कुंभाचं वर्षच मिळतं. एरवी खापरावरून पंचवीस वर्षांच्या आत काळ ठरला तरी आनंद मानायचा असतो. चौथ्या शतकातल्या एका शिलालेखानुसार दोन घोड्यांच्या रथस्पर्धेत पहिल्या आलेल्याला १४० कुंभ तेल मिळे. एवढं तेल घरी कोण वापरणार? ते विकलं जाई. म्हणून हे कुंभ इटलीत आणि उत्तर आफ्रिकेतही सापडतात.

चौथी पायरी: नंतरची असेल, तर कोणाच्या नजरेसाठी?

आता बोलतोय तो भरणारा, तोलणारा, वाहणारा, कर घेणारा किंवा विकणारा. खुणेची जागा इथे अर्धी गोष्ट सांगते. मानेवर किंवा खांद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असेल, तर कुंभ रांगेत उभा असतानाही ते दिसावं ही अपेक्षा होती: वखारीत, जहाजावर, दुकानात. बुडाखाली केलेली खूण मालाची मांडामांड करणाऱ्यालाच दिसते, गिऱ्हाइकाला नाही.

मेबल लँग यांनी अथेन्सच्या अगोरातल्या, म्हणजे प्राचीन बाजारचौकातल्या, कोरीव आणि रंगीत मजकुरांचं वर्गीकरण १९७६ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यातल्या व्यापारी नोंदी साधारण अशा गटांत पडतात: माप, रिकाम्या भांड्याचं वजन, तारीख, आतला माल, आणि कराची नोंद. यातला दुसरा गट आपल्याकडच्या कोणाही आडत्याला समजावून सांगावा लागणार नाही, ते बारदान. रोमन काळातल्या अगोरातल्या कुंभांवर रिकाम्या भांड्याचं वजन ‘लित्रा’त लिहिलेलं सापडतं. लित्रा म्हणजे रोमन पौंड, सुमारे ३२७ ग्रॅम. भरलेला कुंभ तोलायचा, बारदान वजा करायचं, माल किती ते कळलं. कुंभ फोडायला नको, उपसायला नको.

चित्रांच्या भांड्यांखालच्या खुणा हा निराळाच मामला. अ‍ॅलन जॉन्स्टन यांनी त्यांचा आयुष्यभर पाठपुरावा केला. अथेन्समध्ये घडलेल्या, पण इटलीतल्या एट्रुरियात विकल्या गेलेल्या भांड्यांच्या बुडाखाली तांबड्या रंगात किंवा ओरखड्याने एक-दोन अक्षरं असतात. कधी त्यासोबत भांड्यांच्या प्रकारांची नावं, नग आणि किंमतही. मजा अशी की ही यादी ज्या भांड्याखाली आहे त्या भांड्याबद्दल नसते, सोबतच्या सगळ्या लॉटबद्दल असते.

यातली गाजलेली खूण ‘सो’ या दोन अक्षरांची. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने एजिना बेटाच्या सोस्त्रातोसचा उल्लेख केला आहे. नफ्यात त्याची बरोबरी कोणी करू शकत नाही, असं तो म्हणतो. १९७० च्या सुमारास एट्रुरियातल्या तार्क्विनिया शहराचं बंदर असलेल्या ग्राविस्का इथे जहाजाच्या दगडी नांगराचा तुकडा सापडला, त्यावर एजिनाच्या अपोलोला सोस्त्रातोसने तो वाहिल्याचा लेख. आणि त्याच किनाऱ्यावर जाणाऱ्या, इ.स.पू. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या अथेनियन भांड्यांखाली ‘सो’. जॉन्स्टन यांनी १९७२ मध्ये हे धागे जोडले. जोडणी मोहक आहे आणि बहुतेकांना पटते. तरी सोस्त्रातोस हे नाव दुर्मीळ नव्हतं, आणि घराण्यात आजोबांचं नाव नातवाला देण्याची ग्रीकांतही रीत होती. तेव्हा ‘तोच सोस्त्रातोस’ असं ठामपणे लिहू नये. ‘बहुधा त्याच घराण्यातला’ इथवर जाता येतं.

पाचवी पायरी: आता वाचा

आधी अक्षर कोणत्या गावचं ते बघा. अथेन्सने आयोनियन, म्हणजे आशिया मायनरच्या किनाऱ्यावरच्या ग्रीक शहरांची, वर्णमाला अधिकृतपणे इ.स.पू. ४०३ मध्ये स्वीकारली. त्याआधीच्या अथेनियन लिपीत उलट्या ‘व्ही’सारखं चिन्ह म्हणजे गामा, ‘ग’. आयोनियन लिपीत तेच चिन्ह लाम्दा, ‘ल’. अथेनियन लाम्दा इंग्रजी ‘एल’सारखा दिसे. म्हणजे एकाच चिन्हाचे दोन उच्चार, आणि कोणता घ्यायचा ते लिहिणारा कुठला यावर. अथेन्सच्या भांड्याखाली आयोनियन अक्षर निघालं तर भांडं अथेनियन, पण वाहणारा बहुधा बाहेरचा, असा निष्कर्ष काढता येतो. एका रेघेतून किती मिळालं बघा.

आकड्यांच्या दोन पद्धती. जुनी पद्धत संख्येच्या नावाच्या आद्याक्षरावर चालते: उभी रेघ एक, ‘पेंते’चं पी पाच, ‘देका’चा डेल्टा दहा, ‘हेकातोन’चं हेटा शंभर, ‘खिलिओई’चं खी हजार. डेल्टा म्हणजे त्रिकोण, तो सहज ओळखू येतो. पी दोन खांबांवर तुळई ठेवल्यासारखं दिसतं, एक खांब बऱ्याचदा आखूड. पी-च्या पोटात छोटा डेल्टा असेल तर पन्नास. दुसऱ्या, नंतर रूढ झालेल्या पद्धतीत वर्णमालाच आकडे होते: आल्फा एक, इओटा दहा, काप्पा वीस, रो शंभर. रोमन काळातल्या रंगीत नोंदींत हीच भेटते.

एक हिशेब करून बघू. समजा, खिओसच्या कुंभाच्या मानेवर एक पी आणि दोन उभ्या रेघा आहेत: सात. सात काय? द्रवाचं ग्रीक माप ‘खूस’, सुमारे सव्वातीन लिटर. बारा खूसचा एक मेत्रेतेस, सुमारे ३९ लिटर. सात खूस म्हणजे साधारण २३ लिटर. कुंभ अखंड असेल तर तो मोजून बघता येतो, आणि खिओसच्या फुगीर मानेच्या कुंभाला हे माप जमतं. म्हणजे हा आकडा मापाचा असणं शक्य आहे. तोच आकडा ३९ लिटरच्या कुंभावर असता तर किंमत, लॉटमधले नग किंवा आणखी काही, असा विचार करावा लागला असता. आकडा आधी भांड्याला लावून बघायचा, मग नाव द्यायचं.

उत्तरकाळातल्या, इ.स. चौथ्या ते सहाव्या शतकांतल्या कुंभांवर तांबड्या घसटत्या लिपीत खी, म्यू, गामा ही तीन अक्षरं वारंवार येतात. आकडा म्हणून वाचली तर ६०० अधिक ४० अधिक ३, म्हणजे ६४३. हा ना माप, ना वजन. ‘मेरी ख्रिस्ताला जन्म देते’ या ग्रीक वाक्याची ती आद्याक्षरं आहेत, असं बरेच जण मानतात. गंमत म्हणजे ‘थेओस बोएथोस’, ‘देव साहाय्यकर्ता’, या दोन शब्दांतल्या अक्षरांची किंमत जोडली तरी बेरीज ६४३ च येते: पहिल्याची २८४, दुसऱ्याची ३५९. वाद मिटलेला नाही. पण वहीच्या पहिल्या पानावर ‘श्री’ लिहून मग जमाखर्च सुरू करणाऱ्याला ही अक्षरं मालाच्या नोंदीशेजारी पाहून नवल वाटणार नाही.

सहावी पायरी: कुंभ पुन्हा भरला होता का?

रिकामा कुंभ कोणी फेकत नसे. वाइन संपली की त्यात दुसरं काही भरलं जाई. म्हणून भाजण्याआधीची खूण खिओसची आणि नंतरची खूण भलत्याच मालाची, असं घडतं. त्यात विरोधाभास नाही, दोन प्रसंग आहेत. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ तेक्ताश बुर्नू इथे इ.स.पू. पाचव्या शतकात बुडालेल्या छोट्या जहाजाचं १९९९ ते २००१ दरम्यान उत्खनन झालं. काही कुंभांच्या मानेवरच्या ठशावरून ते एरिथ्राई गावचे हे कळलं. पण आत डोकावल्यावर काहींत पाइनचं डांबर होतं, एकात चक्क गुरांची तोडलेली हाडं. वाइनच्या घाटाचा कुंभ म्हणजे वाइन, हे समीकरण तिथेच निकालात निघालं. शितावरून भाताची परीक्षा या विषयात चालत नाही. आतून राळेचा काळा लेप असेल तर सहसा वाइन, असं म्हणतात; ‘सहसा’ हा शब्द गाळू नका.

सातवी पायरी: नोंद

नोंदीत एवढं हवंच: तुकडा कुंभाच्या कोणत्या भागाचा, मातीचा रंग, खुणेचं तंत्र, रंगाची छटा, कानापासून अंतर, अक्षरांची उंची मिलिमीटरमध्ये, आणि मूळ आकाराचं रेखाटन. रेखाटन फोटोवरून करा. खापरावर कागद ठेवून गिरवू नका, रंग कागदाला येतो. वाचनासाठी १९३१ मध्ये लायडनला ठरलेले संकेत वापरतात: संशयित अक्षराखाली टिंब, गेलेलं अक्षर चौकटी कंसात, आणि लिहिणाऱ्याने संक्षेप केलेला शब्द पुरा करायचा तर भर गोल कंसात. ‘बहुतेक असंच असेल’ हे कंसाबाहेर ठेवलेलं अक्षर पुढच्या माणसाला दहा वर्षं चकवू शकतं.

सरावासाठी अथेन्सला जायलाच हवं असं नाही. अगोराच्या उत्खननाच्या नोंदी फोटोंसह ऑनलाइन खुल्या आहेत. तिथे भांड्यांच्या क्रमांकाआधी ‘पी’ असतं, ठशांच्या कानांआधी ‘एसएस’. रोज चार ‘पी’ उघडा, वर्णन झाकून आधी स्वतः तंत्र ओळखा, मग ताडून बघा. गेलात तर अ‍ॅटालोसच्या स्तंभिकेत, म्हणजे अगोराच्या संग्रहालयात, ठेवलेले कुंभ बघा.

आणि आपल्याकडचं. भूमध्यसागरी अ‍ॅम्फोराचे तुकडे महाराष्ट्रातही निघाले आहेत: ह. धी. सांकलियांच्या नेवासे उत्खननात, घारापुरी बेटावर. ते प्रामुख्याने रोमन व्यापाराच्या काळातले. त्याच काळातलं एक ग्रीक प्रवासवर्णन भडोचला इटलीची आणि लाओदिकेयाची वाइन येत असल्याचं नोंदवतं. अशा जागी फिरताना जाड, खरखरीत, कान असलेलं खापर दिसलं तर उचलून खिशात घालू नका आणि घरी नेऊन धुवू तर मुळीच नका. जागच्या जागी फोटो काढा, ठिकाण टिपून घ्या आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. फोटोत मोजपट्टी नसेल तर शेजारी पेन ठेवला तरी चालेल.